तिसऱ्या उन्हाळ्यानंतर काय उरते?

वाढत्या गावाला किंवा शहराला झाडे किती हवीत, असे विचारले की उत्तर बहुधा रोपांच्या आकड्यांत मिळते. यंदा इतके लाख, पुढच्या पावसाळ्यात तितके कोटी. लावलेल्यांतली जगली किती, आधीपासून उभी असलेली वाचली किती, आणि त्यांच्या आधाराने राहणारे पक्षी, मधमाश्या, गवत, ओढे यांचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर आणि भोवतालचा मराठी-गोंडी-तेलुगू मुलूख समोर ठेवून या प्रश्नाचा आढावा घ्यायचे कारण सरळ आहे. मुंबई, हैदराबाद, पुणे यांचे बरेचसे निर्णय होऊन गेले आहेत आणि तिथे उरलेले वाचवण्याची धडपड चालू आहे. बाजारहत्नूरसारख्या मंडलाच्या गावांत अजून सगळेच हाताशी आहे. रान जवळ आहे, ओढे उघडे आहेत, बांधावर मोह उभा आहे. पुढच्या वीस वर्षांत इथे घरे, रस्ते आणि दुकाने वाढणार, ती वाढावीतही. ही वाढ कशाच्या मोबदल्यात होणार, हे ठरवण्याची वेळ मात्र आताची आहे.

उगमावरचे गाव

नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबाद, गुडीहत्नूर, इच्चोडा, नेरडीगोंडा असा निर्मलकडे उतरतो. बाजारहत्नूर या महामार्गापासून थोडे आत, बोथ आणि इच्चोड्याच्या शेजारी आहे. पलीकडे नांदेड जिल्ह्यातील किनवटचे जंगल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा आखली गेली तरी रान एकच राहिले. इकडच्या गावांत गोंड, कोलाम, परधान, लंबाडा आहेत, मराठी बोलणारे आंध आदिवासी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी शेतकरी कुटुंबे आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. बाजारहत्नूर आदिलाबादमध्येच राहिले.

गोदावरीला मिळणारी कडेम नदी याच परिसरात उगम पावते. ती पुढे नेरडीगोंड्याजवळ कुंतालाच्या धबधब्यावरून सुमारे ४५ मीटर खाली कोसळते आणि निर्मल जिल्ह्यातील कडेम धरणात जाते. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत त्या धरणात इतके पाणी आले की दरवाज्यांची क्षमता अपुरी पडली आणि खालच्या गावांना रातोरात हलवावे लागले. अशा नदीच्या उगमावर राहणाऱ्या गावासाठी झाडांचा अर्थ सावलीपुरता राहत नाही. उतारावर गवत आणि झाडे असली की पाऊस जमिनीत मुरतो, माती जागेवर राहते आणि ओढा दिवाळीनंतरही वाहतो. उतार उघडा पडला की तेच पाणी माती घेऊन एका दुपारीत निघून जाते. बाजारहत्नूरने आपल्या शिवारात जे केले, त्याचा परिणाम कित्येक किलोमीटर खाली जाणवतो.

इथले जंगल पानझडीचे आहे. साग मुख्य, त्याच्या सोबतीला ऐन, धावडा, मोह, तेंदू, चार, बिबा, बेहडा, पळस, सालई. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात निजामी राजवटीने ही राने राखीव केली, तेव्हा कित्येक गोंड आणि कोलाम कुटुंबांना आपली शेते सोडावी लागली. त्या असंतोषातून कोमराम भीम यांचा लढा उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले. ते मारलावाईला राहिले आणि जमिनीचे पट्टे देण्याचा आग्रह त्यांनी धरला. चार दशकांनंतर, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी याच जिल्ह्यातील आक्रसत गेलेल्या रानाची आणि त्यासोबत हरवलेल्या जगण्याची नोंद केली. हा इतिहास इथे सांगायचा तो एवढ्यासाठी की, या मुलखात झाडांचा प्रश्न माणसांच्या हक्काच्या प्रश्नापासून कधीच वेगळा नव्हता.

हरितहारम्‌ची दहा वर्षे

झाडे लावण्याचा सरकारी उत्सव आपल्याकडे जुना आहे. १९५० मध्ये केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. त्याचे आजवरचे एक मोठे रूप तेलंगणात पाहायला मिळाले. ३ जुलै २०१५ रोजी चिलकूर येथून ‘तेलंगणाकु हरितहारम्‌’ ही मोहीम सुरू झाली. राज्याचे हिरवे आच्छादन २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर न्यायचे आणि त्यासाठी २३० कोटी रोपांची मजल गाठायची, असे उद्दिष्ट होते. २०२४ मध्ये सत्तांतरानंतर मोहिमेचे नाव ‘वनमहोत्सवम्‌’ झाले, लागवड चालू राहिली.

या मोहिमेच्या मांडणीत एक शहाणपण होते, ते फारसे बोलले गेले नाही. वनक्षेत्रासाठी ठरवलेल्या १०० कोटींपैकी ८० कोटी रोपे खड्ड्यात लावायची नव्हतीच. तुटलेल्या रानाला विश्रांती द्यायची, आग आणि चोरटी तोड थांबवायची आणि जमिनीत शिल्लक असलेल्या खुंटांना फुटू द्यायचे, असा तो बेत होता. साग, ऐन, धावडा, पळस यांच्या खुंटांना पुन्हा धुमारे फुटतात. जमिनीखाली जुन्या मुळांचा पसारा तयार असतो, म्हणून अशा धुमाऱ्याची वाढ नव्या रोपापेक्षा कितीतरी जोमदार होते. फोटो काढण्यासारखे यात काही नसते. पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे वनीकरण हेच आहे.

दुसरी भक्कम गोष्ट म्हणजे कायद्याचे पाठबळ. तेलंगणा पंचायत राज कायदा, २०१८ ने ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातील १० टक्के रक्कम हिरवाईसाठी राखायला लावली. लावलेल्यांपैकी किमान ८५ टक्के रोपे जगली पाहिजेत, आणि नाही जगली तर सरपंच व पंचायत सचिव यांच्यावर कारवाई होऊ शकते, अशी तरतूद केली. २०१९ च्या नगरपालिका कायद्यानेही १० टक्क्यांचे हरित अंदाजपत्रक आणले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘पल्ले प्रगती’ कार्यक्रमातून ग्रामपंचायतींना ट्रॅक्टर आणि पाण्याचे टँकर मिळाले, गावोगाव रोपवाटिका उभ्या राहिल्या आणि २०२० पासून ‘पल्ले प्रकृती वनम्‌’ नावाची छोटी गाववने तयार झाली. देशातील फार थोड्या राज्यांनी इतक्या खालपर्यंत व्यवस्था नेली आहे. महाराष्ट्रानेही २०१६ ते २०१९ या काळात २, ४, १३ आणि ३३ कोटी अशी चढती लागवड जाहीर केली. पण प्रत्येक गावाला रोपवाटिका, टँकर आणि जगवण्याची कायदेशीर जबाबदारी, ही तिन्ही सूत्रे एकत्र बांधण्याचे काम तेलंगणाने केले.

व्यवस्थेची कसोटी माणसे बदलली की लागते. जानेवारी २०२४ च्या अखेरीस तेलंगणातील सरपंचांची मुदत संपली आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत पंचायतींचा कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे राहिला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, दोन पूर्ण उन्हाळे, ज्या सरपंचाला कायद्याने रोपांसाठी जबाबदार धरले होते तो सरपंचच नव्हता. झाड निवडणुकीच्या वेळापत्रकावर वाढत नाही. त्याची जबाबदारी एका पदावर टांगून ठेवणे पुरेसे नाही, गावात तिला दुसरा आधार हवा.

मोजायचे काय?

भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल देते. २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या २५.१७ टक्के भूभागावर वन आणि वृक्ष आच्छादन आहे. त्यात वनाच्छादन २१.७६ टक्के आणि वनाबाहेरील वृक्ष ३.४१ टक्के. २०२१ च्या अहवालात महानगरांचा वेगळा हिशेब होता. २०११ ते २०२१ या दशकात हैदराबादचे आच्छादन ३३.१५ चौरस किलोमीटरवरून ८१.८१ चौरस किलोमीटरवर गेले, तर अहमदाबादने आपले जवळजवळ निम्मे गमावले.

हैदराबादची वाढ खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. तरी या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जमिनीवर झाडांच्या माथ्यांची सावली १० टक्क्यांहून जास्त असली की ते ‘वनाच्छादन’. जमीन कोणाची आणि झाड कोणते, हे त्यात पाहिले जात नाही. निलगिरीची लागवड, आमराई आणि कवल अभयारण्यातले सागवन उपग्रहाच्या नजरेत एकाच रंगाने उमटतात. त्यामुळे आच्छादन वाढले म्हणजे जैवविविधता वाढली, असे होत नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

एक झाड जवळून पाहिले की हे समजते. राखी धनेश हा पक्षी आपल्या पानझडी रानात आणि झाडे राखलेल्या गावांतही राहतो. विणीच्या हंगामात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर वड-पिंपळ-उंबराची फळे आणि किडे आणून त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. या एका संसाराला किती गोष्टी लागतात! ढोली पडण्याइतके वय झालेले झाड, जवळपास फळणारा उंबर किंवा वड, आणि दोन्हींच्या मध्ये उडत जाण्यापुरती झाडोऱ्याची साखळी. दहा हजार नवी रोपे लावली तरी पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्यांतल्या एकालाही अशी ढोली पडणार नाही. आणि धनेश फळे खाऊन बिया दूरवर टाकतो, म्हणजे जुने झाड तोडले की नवी झाडे लावणाराही जातो.

म्हणून या लेखाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. आधी उभे आहे ते राखा, मग आपोआप उगवते त्याला वाव द्या, आणि शेवटी जे लावाल ते तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजा. आपली धोरणे नेमकी उलट्या क्रमाने चालतात.

तिसराच उन्हाळा का? या भागात पाऊस बरा पडतो, सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर चढतो. कापसाची काळी जमीन या दिवसांत हातभर भेगाळते आणि भेगांसरशी कोवळी मुळे तुटतात. त्यातच प्लास्टिकच्या पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळे आतल्या आत वेटोळी झालेली असतात. वरून रोप हिरवे दिसते, पण मूळ खाली उतरलेले नसते. पहिल्या उन्हाळ्यात टँकर येतो, दुसऱ्यात येईलच असे नाही, तिसऱ्यात येत नाही. तोवर ज्याचे मूळ ओलीपर्यंत पोचले ते झाड झाले. ऑगस्टमध्ये काढलेल्या टक्केवारीला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

कोणते झाड, कुठे

लवकर वाढणारे, जनावरे न खाणारे आणि बारमाही हिरवे रोप हवे, या हट्टापायी शहरांनी गेल्या दशकात कोनोकार्पसची रांगच रांग लावली. परदेशातून आलेले हे झाड झपाट्याने वाढते, पण इथल्या पक्ष्या-किड्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्या मुळांनी पाइप व नाल्या फुटतात आणि परागामुळे ॲलर्जी होते, अशा तक्रारी वाढल्या. तेलंगणाने २०२२ मध्ये हे रोप रोपवाटिकांत वाढवू नये अशा सूचना दिल्या, गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. मोठा खर्च करून धडा मिळाला. आता निदान लहान गावांनी तरी तो पुन्हा गिरवू नये.

बाजारहत्नूरला बाहेरून झाड आणायची गरजच नाही. काळ्या जमिनीच्या बांधावर कडुलिंब, बाभूळ, हिवर, करंज. तळ्याच्या आणि ओढ्याच्या काठाला अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज. गावठाणाच्या मोकळ्या चौकात वड, पिंपळ, चिंच, कारण त्यांना पसरायला जागा लागते. शाळेच्या आवारात आवळा, बेल, सीताफळ, कवठ. विजेच्या तारांखाली आपटा किंवा पारिजातक. तारांखाली मोठी जात लावायची आणि दर मे महिन्यात लाइनमनने तिचा शेंडा छाटायचा, हा प्रकार गावोगाव चालतो. तो जात निवडतानाच टाळता येतो. तेलंगणाने २०१४ मध्ये शमीला राज्यवृक्षाचा मान दिला. दसऱ्याला इथली तेलुगू कुटुंबे शमीची पाने वाटतात, मराठी कुटुंबे आपट्याची. एका गावात दोन्ही झाडे वाढवायला यापेक्षा मोठे निमित्त कोणते?

देशी झाड हरवले की त्यासोबत काय जाते, ते शेजारच्या निर्मलला पाहता येते. निर्मलची प्रसिद्ध लाकडी खेळणी पोनिकी नावाच्या झाडाच्या मऊ, हलक्या लाकडापासून बनतात. रानातली पोनिकी कमी होत गेली तसे कारागिरांना लाकूड मिळेनासे झाले आणि मग ती मुद्दाम लावण्याचे प्रयत्न करावे लागले. झाडाची एक जात गेली की एक धंदा, एक कला आणि काही शे घरांची चूल संकटात येते.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने दाट वने लावण्याची सध्या मोठी हवा आहे. शहरात चार गुंठे पडीक जागा असेल तर ती उपयोगी पडते. पण आपले नैसर्गिक रान मुळात विरळ, मधेमधे गवत असणारे आहे. जिथे चाळीस पावलांवर खरे जंगल उभे आहे, तिथे दाट वनावर मोठा खर्च करण्यापेक्षा त्या जंगलाच्या कडेला कुंपण आणि राखणदार देणे शहाणपणाचे.

झाडांपलीकडची जीवसृष्टी

जैवविविधता म्हणजे केवळ झाडे, हा समज गायरानांच्या मुळावर उठला आहे. बतुकम्मा या फुलांच्या सणाच्या दिवसांत बायका-मुली पिवळीधमक तरवडाची आणि पांढऱ्या-गुलाबी कुर्डूची फुले आणतात, ती कुठून? पडीक माळावरून, शेताच्या कडेवरून. तरवड तर तेलंगणाचे राज्यपुष्प आहे. ज्या जमिनीला महसुली दप्तर ‘पडीक’ म्हणते, तिथे तरवड फुलतो, टिटवी अंडी घालते, ससे राहतात, गुरे चरतात. अशा माळावर ओळीने रोपे खोचली की झाडांचा आकडा वाढतो आणि माळाची जीवसृष्टी उणावते. काही माळ माळच राहू द्यावे लागतात.

तळ्यांचेही तसेच. आदिलाबाद शहराच्या कडेला असलेला मावला तलाव आणि त्यालगतचे वनउद्यान आज शहरवासीयांचे फिरण्याचे ठिकाण आहे. शहराची वस्ती २०११ मध्ये १ लाख १७ हजार होती आणि तेव्हापासून ती महामार्गाच्या दिशेने सरकत आली आहे. तळ्याभोवती वस्ती आली की काठ बांधून काढणे, दिवे लावणे, फरसबंद वाट करणे ही ‘सुशोभीकरणा’ची ठरलेली कामे होतात. पण पाणपक्ष्यांना हवा असतो उथळ, चिखलाळ, लव्हाळ्याचा काठ. हैदराबादजवळचे अमीनपूर तळे २०१६ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. शहरी तळ्याला असा दर्जा मिळण्याची देशातील ती पहिलीच वेळ होती. महाराष्ट्रात पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये हाच दर्जा मिळाला. कायद्यातली ही वाट लहान गावांच्या तळ्यांनाही मोकळी आहे.

आणि इथे तर वाघही आहे. कवल अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. त्याला वाघ मिळतात ते मुख्यतः महाराष्ट्रातून, ताडोबा आणि टिपेश्वरच्या बाजूने. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम असे १३०० किलोमीटरहून अधिक अंतर तोडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक नर वाघ जोडीदाराच्या शोधात किनवटकडून निघाला, बोथच्या रानातून निर्मल जिल्ह्यात उतरला आणि महामार्ग ४४ ओलांडून पूर्वेला गेला. बोथ म्हणजे बाजारहत्नूरचा शेजार. कापसाची शेते, ओढ्याकाठची झुडपे, वनखात्याची लहान-लहान बने यांच्या आडोशाने वाघ चालतो. ही साखळी तुटली की तो गावात शिरतो, गुरे मारतो, आणि मग माणूस आणि वाघ दोघेही जीव मुठीत धरून राहतात. ओढ्याकाठचा झाडोरा राखणे हे म्हणूनच गुराख्याच्याही सुरक्षिततेचे काम आहे.

उभ्या झाडाचा वाली कोण?

आंध्र प्रदेशाचा २००२ चा जल, भूमी आणि वृक्ष कायदा, ज्याला सगळे ‘वाल्टा’ म्हणतात, तेलंगणातही लागू आहे. त्यानुसार खासगी जमिनीवरचे झाड तोडायलाही परवानगी लागते. महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात पन्नास वर्षांवरील झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानण्याची आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आली. तेलंगणाच्या गावांनी ही वयाची कल्पना जरूर उचलावी. ऐंशी वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात दोन रोपे, हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

कायदा असूनही मोठ्या झाडांचा सर्वांत मोठा बळी रस्ते घेतात. जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा चिंचा, वड, कडुलिंब होते. चौपदरीकरणात बहुतेक ठिकाणी ते गेले. तरीही आखणी बदलता येते, याची उदाहरणे आहेत. सांगली जिल्ह्यातील भोसे गावचा जुना वटवृक्ष रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर त्याच्यासाठी रस्ता वळवण्याचा निर्णय झाला. हैदराबादजवळ चेवेल्लाच्या रस्त्यावर सुमारे ९०० वड उभे आहेत. त्यांच्यासाठी नागरिकांनी राष्ट्रीय हरित लवादापुढे अनेक वर्षे झुंज दिली आणि बरेचसे वड जागीच राखण्याचा तोडगा निघाला. हैदराबाद विद्यापीठालगतच्या कंचा गच्चीबोवलीच्या ४०० एकरांवर मार्च २०२५ मध्ये यंत्रे चालली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर मात्र बरेच रान आडवे झाले होते. या प्रकरणांत एक गोष्ट समान दिसते. झाडांची यादी आणि त्यांची ठिकाणे आधीपासून कागदावर असती, तर आखणी करणाऱ्यालाच ती दिसली असती. भांडण न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आली नसती.

माणसांना वगळून नाही

जून २०१९ मध्ये कागजनगरजवळच्या सारसाला गावात लागवडीसाठी गेलेल्या वन अधिकाऱ्यावर जमावाने हल्ला केला. हल्ल्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण लागवडीची जमीन आणि पोडू शेतीची, म्हणजे रान साफ करून कसलेली, जमीन एकच असल्यामुळे हा संघर्ष राज्यभर धुमसत होता, हेही खरे आहे. जून २०२३ मध्ये राज्याने सुमारे ४ लाख एकर पोडू जमिनीचे पट्टे वाटले. ज्याच्या नावावर जमीन आहे तो बांधावर मोह, चार, आंबा राखतो. ज्याला उद्याची खात्री नाही तो झाडावर कशाला श्रम घालील? वृक्षाच्छादन वाढवण्याचा एक मार्ग सातबाऱ्यासारख्या कागदातून जातो, हे आपण कबूल केले पाहिजे.

मोहाचेच पाहा. त्याची फुले वटवाघळांमुळे फळतात, मार्च-एप्रिलच्या पहाटे बायका-मुले ती वेचतात, बियांचे तेल निघते. उटनूरला आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहफुलांचे लाडू करते आणि ते आश्रमशाळांच्या मुलांपर्यंत पोचतात. मोह तोडायचा नाही, हे इथे कोणत्याही फलकाने शिकवावे लागले नाही. त्याला किंमत आहे, म्हणून तो उभा आहे. मात्र फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि ती आग रानभर पसरते. पाला झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळे अंथरणे एवढ्याने आग टळते. अशा साध्या साधनांसाठी हरित निधीतले पैसे खर्च व्हायला हवेत.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि देशभरात अडीच लाखांहून जास्त समित्या कागदावर आल्या. घाईत भरलेल्या नोंदवह्यांत पुस्तकातल्या याद्या उतरल्या. गावचा कोलाम म्हातारा, जडीबुटी ओळखणारी आंध बाई, गुरे घेऊन रोज रानात जाणारा पोरगा यांना कोणी विचारले नाही. बाजारहत्नूरची नोंदवही खऱ्या अर्थाने लिहायची असेल तर ती या माणसांच्या बोलण्यातून, त्यांच्या भाषांत लिहावी लागेल.

पुढची वाट

जगातही हा विचार पक्का होत चालला आहे. २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल करारात शहरांतील हिरव्या आणि पाणथळ जागा वाढवणे हे स्वतंत्र उद्दिष्ट आहे. कोलंबियातील मेदेयीन शहराने २०१६ पासून रस्ते आणि नाल्यांच्या कडेने तीस हरितपट्टे जोडले आणि त्या भागांतील तापमान सुमारे दोन अंशांनी उतरवले. वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये शहरांसाठी साधे माप सुचवले. प्रत्येक घरातून किमान ३ झाडे दिसावीत, वस्तीवर ३० टक्के सावली असावी आणि हिरवी जागा ३०० मीटरच्या आत असावी. बाजारहत्नूरला यातले पहिले आणि तिसरे माप आजही सहज जमते. उद्या शेतांचे प्लॉट पडून ‘व्हेंचर’ उभी राहतील तेव्हा ते जमणार नाही. लेआउटमधली मोकळी जागा कोपऱ्यात उरलेल्या त्रिकोणी तुकड्यावर दाखवली जाते. ती ओढ्याकाठी आणि जुन्या झाडांभोवती सोडायला लावणे, हे पंचायतीच्या हातात आहे.

बाजारहत्नूरसारख्या गावाला आज करता येतील अशी कामे फार नाहीत, पण ती क्रमाने झाली पाहिजेत. पहिले, गावठाण, रस्ते, तळे, शाळा, देवस्थाने आणि बांध यांवरच्या मोठ्या झाडांची यादी करून ती ग्रामसभेत वाचावी आणि रस्ते व वीज खात्यांना द्यावी. दुसरे, कडेमला मिळणाऱ्या ओढ्यांच्या दोन्ही काठांवर नांगर न घालण्याचा पट्टा ठरवावा आणि तिथे जे आपोआप उगवते त्याला वाढू द्यावे. तिसरे, रोपवाटिकेतले बी शेजारच्या रानातून, गावच्याच बचतगटांकडून विकत घ्यावे. चौथे, दर काही रोपांमागे एक कुटुंब नेमून तीन वर्षे मजुरी द्यावी आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेल्या झाडांवर द्यावा. असे केले तर सरपंच असो की विशेष अधिकारी, झाडाला वाली राहील. पाचवे, दर जूनच्या ग्रामसभेत नवी रोपे मागण्याआधी तीन वर्षांपूर्वीच्या रोपांचा हिशेब द्यावा.

यातल्या एकाही कामाला नवा कायदा लागत नाही. १० टक्क्यांचे अंदाजपत्रक आहे, वाल्टा आहे, जैवविविधता समिती आहे, टँकर आणि रोपवाटिका आहेत. नव्याने निवडून आलेल्या पंचायतींसमोर पूर्ण पाच वर्षे आहेत, म्हणजे एक रोप तिसरा उन्हाळा पार करून झाड झालेले पाहण्याइतका वेळ. त्यांनी पहिल्या वर्षी फक्त उभ्या झाडांची यादी केली आणि त्यातले एकही विनाकारण पडू दिले नाही, तरी कोट्यवधींच्या लागवडीने जे साधले नाही त्याची सुरुवात बाजारहत्नूरमध्ये होईल.